पाव फेरा

"तुटली ना?" लाडकुंवरबाईंनी खालून विचारलं.

"तुटली," मी शिडीच्या घोड्यावरून म्हणालो. "तुम्ही आधी तिकडे बाकावर बसा बरं. डोक्यात काही पडलं तर तुमचा श्रेयांस मलाच धरेल."

बाई बसल्या नाहीत. शहात्तर वर्षांच्या आहेत, आणि गेल्या तीस वर्षांत त्यांनी माझं एकदाही ऐकलेलं नाही. घोड्याचा एक पाय धरून उभ्या राहिल्या. धुकं इतकं होतं की वरून मला त्यांचा पांढरा पदर आणि हात एवढंच दिसत होतं.

मी पितांबर, शटर मिस्त्री. राहतो वरणगावला, कामं करतो भुसावळपासून मुक्ताईनगरपर्यंत. निघताना रूपा, म्हणजे आमची घरवाली, दारात उभी राहून म्हणाली होती, "तठेच चालनात ना? मी वळखस तुमले. खांदा दुखस तरी चालनात." खांदा दुखतोच. पण लाडकुंवरबाईंच्या बटण-नाडीच्या दुकानाचं शटर म्हटल्यावर मी खांद्याला विचारत बसत नाही.

झालं होतं असं. सकाळी साडेसातला नवकार मंत्र म्हणून बाईंनी कुलूप काढलं, शटर गुडघ्यापर्यंत उचललं आणि वर डब्यात स्प्रिंग मोडली. शटर धाडकन खाली आलं. शेजारच्या पंडित चहावाल्याने बाईंना मागे ओढलं, मला फोन केला, आणि लगोलग जळगावला श्रेयांसलाही केला. हा दुसरा फोन करायची काही गरज नव्हती. पण पंडितच्या तोंडात तीळ भिजत नाही.

श्रेयांस मुलगा वाईट नाही. वडील, रिखबचंदशेठ, गेले तेव्हापासून आईला जळगावला चल म्हणतोय. बाईंनीच त्याला शब्द देऊन ठेवला होता, ज्या सकाळी शटर माझ्या हातानं उघडणार नाही, त्या दिवशी किल्ली तुझी. आता तो गाडी घेऊन निघाला होता. अकरापर्यंत पोहोचणार होता.

"अकराच्या आत होईल ना, भाऊ?"

"होईल."

"आणि हलकं?"

"ते माझ्यावर सोडा."

डब्याचं झाकण काढलं तर लाल भुकटी माझ्या बाहीत उतरली. शटरची स्प्रिंग म्हणजे चावीच्या घड्याळात असते तशी गुंडाळलेली पोलादी पट्टी, फक्त मोठी. माझ्या मूळ गावाकडे, शिंदखेड्याला, हवा कोरडी. तिकडे बसवलेली स्प्रिंग पोरगी लग्नाला येईपर्यंत टिकते. इथे गावाच्या अंगाला धरणाचं पाणी. पावसाळ्यात धुकं उठतं ते डब्यात शिरून पट्टीच्या वेढ्यांत बसतं, ग्रीस धुऊन निघतं, आणि बाहेरून रंग झकास दिसत असताना आतली पट्टी कुरतडली जाते. ही तर दोन ठिकाणी मोडली होती.

आणि मोडायला एकटी हवा कारण नव्हती. ते मला ठाऊक होतं.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीआधी ग्रीस भरायला आलो होतो, जरा लवकरच. बाई शटर उचलत होत्या. हात सुटला. पुन्हा उचललं, पुन्हा सुटला. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. मी चटकन खाली बसलो आणि स्कूटरच्या चाकाकडे बघत राहिलो. त्या दिवशी ग्रीस भरताना मी स्प्रिंगला पाव फेरा जास्त दिला. फेरा वाढला की स्प्रिंग वर ओढते आणि शटर हलकं होतं. बाईंना काही बोललो नाही. पुढच्या दिवाळीला आणखी पाव, त्याच्या पुढच्या दिवाळीला आणखी पाव. दरवर्षी बाईंची ताकद थोडी कमी व्हायची आणि मी थोडी स्प्रिंगमध्ये घालायचो. जास्त ताणलेली पट्टी लवकर मोडते, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. मी स्वतःला सांगत नव्हतो.

मला एक स्वप्न पडतं, पावसाळ्यातच जास्त. सगळ्या गावाची शटरं कुणी हात न लावता वर जात असतात, अजिबात आवाज न करता, आणि प्रत्येक दुकानात लाडकुंवरबाई बसलेल्या असतात, बटणांचे डबे मांडीवर घेऊन. रूपाला एकदा सांगितलं तर ती म्हणाली, डॉक्टरला दाखवा.

नवी स्प्रिंग बसवली. आता फेरे द्यायचे होते. मी पाना लावून पाइप फिरवायला लागलो. एक. दोन. धुक्यात रस्ता नव्हता, देऊळ नव्हतं, फक्त पंडितच्या स्टोव्हचा आवाज होता. अशा वेळी फेरे मोजता मोजता मला झोप आल्यासारखं होतं. तीन. बाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा या दुकानाला लाकडी फळ्या होत्या म्हणे, आणि शेठ त्यांना म्हणायचे, फळी क्रमांकाने लाव. चार. पाच. साडेपाचला मी थांबलो. या शटरला साडेपाच बरोबर. पण मी थांबायला आलोच नव्हतो. पाना पुन्हा धरला.

पंडित चहा घेऊन वर हात करून उभा होता. "मिस्त्री, एक विचारू? एवढं घट्ट करता, मग संध्याकाळचं काय?"

"संध्याकाळचं काय?"

"तुम्ही कधी बघितलंच नाही ना. सकाळी येता, सकाळी जाता." त्याने मागे पाहून आवाज उतरवला. "बाई लोंबकळतात शटरला. खाली येतच नाही ते. ती नाडी हाताला गुंडाळतात आणि पाय उचलून लटकतात. चार वर्षं झाली. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, पंडित, तुझा चहा उतू जातोय."

शटरच्या खालच्या पट्टीला एक जाड सुती नाडी बांधलेली होती, दुकानातलीच. मी दरवर्षी बघायचो. मला वाटायचं, लिंबू-मिरची अडकवायला असेल. आता नीट पाहिली तर मधोमध हाताने झिजून चपटी झालेली.

साधी गोष्ट आहे. जी स्प्रिंग सकाळी वर ओढते ती संध्याकाळी खाली येऊ देत नाही. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. आणि मीच आठ वर्षं बाईंची सकाळ सोपी करायला त्यांची संध्याकाळ जड करत होतो. मला माझीच लाज वाटली. मी चहा न पिता खाली उतरलो.

"बाई, सांगायचं ना मला."

त्यांना कळलं मी कशाबद्दल बोलतोय. पंडितकडे एक नजर टाकून त्या म्हणाल्या, "काय सांगायचं? सकाळी रस्त्यावर सगळे असतात, भाऊ. कुणीही श्रेयांसला सांगेल. संध्याकाळी कोण बघतंय म्हातारीला."

"म्हणजे मी फेरे वाढवतो ते तुम्हाला..."

"पन्नास वर्षं हे दुकान उघडतेय. शटर दर दिवाळीला आपोआप तरुण होतं का?" त्या हसल्या. "तुम्ही एवढं मनापासून करता. तुमचं मन कसं मोडायचं, म्हणून बोलले नाही."

खांदा जोरात ठणकत होता, तोच चोळत राहिलो.

"आता किती फेरे दिलेत?"

"साडेपाच."

"बरोबर किती लागतात?"

"साडेपाच."

"मग राहू द्या."

"बाई, श्रेयांस येतोय. साडेपाचवर तुम्हाला ते..."

"राहू द्या, भाऊ. हात दुखतात माझे. रोज संध्याकाळी दुखतात."

मी झाकण लावलं. शटर खाली सोडलं आणि बाजूला झालो.

श्रेयांसची गाडी साडेदहालाच आली. उतरल्या उतरल्या तो आईचे हात, कपाळ चाचपायला लागला. "लागलं तर नाही ना तुला?" बाईंनी त्याला हाताने थांबवलं, शटरपुढे जाऊन नवकार म्हटला, कुलूप काढलं आणि वाकल्या.

शटर गुडघ्यापर्यंत आलं. कमरेपर्यंत आलं. तिथवर पाठ काम करते, पुढे खांदे लागतात. शटर कमरेवर थांबलं. मी मनात पाव फेरा मोजला, अर्धा मोजला. मनातले फेरे स्प्रिंगला लागत नाहीत. श्रेयांस पुढे झाला.

"थांब," बाई म्हणाल्या.

त्यांनी शटर तिथेच सोडलं. ते तिथेच राहिलं, ना वर ना खाली, कारण फेरे बरोबर होते. मग बाई आणखी वाकल्या, पदर सावरला आणि खालून आत गेल्या. आत दिवा लागला. बटणांच्या डब्यांचा आवाज आला. श्रेयांस रस्त्यावर उभा. थोड्या वेळाने कुणाची तरी सून साडीचा फॉल घ्यायला आली, तीही वाकून आत गेली. मग श्रेयांसही वाकला. उरलेलं शटर त्याने दुपारी केव्हातरी वर ढकललं, बाई आत जेवत होत्या तेव्हा.

मला जायला हवं होतं. दिवसभर मी पंडितच्या बाकावर बसून राहिलो. मध्येच डुलकी लागली आणि तेच स्वप्न पडलं, फक्त शटरं या वेळी खाली येत होती.

सहा वाजता बाईंनी आकडी घेतली, लांब दांड्याची, आणि शटरला अडकवली. एका हाताने ओढलं त्यांनी. शटर आलं, सावकाश, खिडकीचा पडदा ओढावा तसं. पाय उचलावे लागले नाहीत. कुलूप लावून त्या उजव्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या.

"बघा," त्या मला म्हणाल्या, "असं असतं होय बंद करणं."

मग श्रेयांसच्या तळहातावर किल्ली ठेवली. श्रेयांस म्हणाला, "आई, आजच कुठे म्हटलं मी? दिवाळीपर्यंत राहा की." बाई म्हणाल्या, "नाही. शब्द शब्द असतो." आणि शटरशी खाली बसल्या. मला वाटलं पाया पडताहेत. त्या नाडीची गाठ सोडत होत्या. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला, पण आम्ही दोघंही पुढे झालो नाही.

नाडी सुटली. बाईंनी ती झटकली, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने एक टोक नाकाशी धरून हात ताणला, मापली, बोटांवर गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"सव्वा मीटर आहे," त्या म्हणाल्या. "कामाला येईल तुमच्या."