पऱ्हाटी आणि पातं

हलक्या प्रतीच्या मँगनीजच्या दगडाची एक खोड असते. नुसत्या ॲसिडात टाकला तर तो विरघळत नाही, तळाशी काळाच बसून राहतो. त्याला कोणीतरी वळवावं लागतं. नगमानं ते काम पऱ्हाटीच्या भुश्यावर सोपवलं होतं. कापूस वेचून झाला की वऱ्हाडात कपाशीची जी वाळकी पऱ्हाटी चुलीत जाते, तीच दगडातलं मँगनीज सोडवते, असा तिचा पीएचडीचा प्रबंध. अकोल्याच्या प्रयोगशाळेत शंभरातलं नव्वद मँगनीज बाहेर आलं, तेव्हा पोरीला आकाश ठेंगणं झालं होतं.

मग परीक्षकानं प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून दाखवायला सांगितला, आणि अमरावतीच्या नव्या प्रयोगशाळेत गाडी अडली. तोच दगड, तोच भुसा, तेच ॲसिड, पण उतारा तिसाच्या वर सरकेना. मुदत महिनाअखेरीला संपत होती. नगमाची झोप उडाली, अन्न गोड लागेना. शेवटी फरक कुठं पडतो ते पाहायला ती बस पकडून अकोल्याला आली.

ॲसिड ढवळणाऱ्या जुन्या स्टररचं पातं तिनं काढून धुतलं. वरचा मुलामा उडाला होता, आतलं लोखंड ॲसिडानं कुरतडलं होतं. ॲसिडात उतरलेलं लोखंडही मँगनीज विरघळवतं, हे तर ती स्वतःच मुलांना शिकवायची! थोडंसंच झिजलं असू दे, या अल्ला, असं पुटपुटत तिनं ते कोऱ्या पात्यासोबत तोलून पाहिलं. निम्मं गेलं होतं. अमरावतीचं पातं शाबूत होतं, म्हणूनच तिथं उतारा अडला; बहुतेक करामत लोखंडाची, पऱ्हाटी नुसती नावाला.

रडत रडत तिनं तिच्या मार्गदर्शक कुंदा मॅडमना फोन लावला.

"ते पातं आनखी कोनी पायलं काय?" मॅडमनी विचारलं.

"नाई."

"मंग फेकून दे न. परीक्षकाले मी सांभाळतो. चार वर्सं घातली तू याच्यात. काहून हातचं घालवून राह्यली, बेटा?"

नगमा भंगाराच्या पेटीपर्यंत गेली. खोटं कशाला सांगा, तिला ते टाकायचंच होतं. हात उचलला, पण बोटं सुटेनात.

"मॅडम, उद्या कोनी माह्या भरोशावर कारखाना काढला तं? त्याच्यात तो पऱ्हाटीच टाकन न!"

"मंग तुयी पदवी गेली, नगमा."

"गेली, मॅडम," नगमा म्हणाली, आणि फोन तसाच कानाशी धरून हमसून हमसून रडू लागली.