लाखेखालची तार

या, शेगडीजवळ सरका, गुडघे पांघरुणात घ्या. आमच्या जपानातल्या नोतोकडची एक गोष्ट सांगते. ऐकून हसू येणार नाही, पण वाया गेल्यासारखीही वाटणार नाही.

आमचं गाव लाखकामाचं. लाकडी वाडग्याला आधी तागाचं कापड चिकटवायचं, त्यावर मातीचे थर, आणि चकाकी अगदी शेवटी. चकाकी कुणीही आणतो. कारागिराची पारख आतल्या थरांवरून. शिगेझो या कामात नावाजलेला. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याची बायको फुसाए माझी शेजारीण. पुढचं बरंचसं तिनेच मला सांगितलं.

घराघरांतली वीज तपासायला अधूनमधून माणूस येतो. त्या शरदात देगुची आला. माळ्यावर चढला तो लवकर उतरेना.

"काकू, देव्हाऱ्याच्या दिव्याच्या तारेचे जोड कुणी केलेत? ही चिकटपट्टी नाही. काळं, गुळगुळीत काहीतरी आहे."

फुसाए खुलली. "आमच्या ह्यांनी. वर ताग गुंडाळून लाख दिलीय. हात लावून बघा, वाडग्यासारखं लागतं की नाही?"

"लागतं की. दुकानात मांडाल तर विकलं जाईल."

तो कापलेला तुकडा घेऊन खाली आला. खिशातलं लोहचुंबक जवळ नेलं, तर तार उडी मारून त्याला चिकटली.

"तांबं असं चिकटत नाही, काकू. हे लोखंड आहे. कुंपणाची तार. फार तापते. हे बघा, लाखेच्या आत कापड करपलंय."

फुसाए त्या तुकड्याकडे बघतच राहिली. मोठं वादळ झालं त्या वर्षी वायरमन मिळत नव्हता, तेव्हा शिगेझोने हे केलं होतं.

"असं आणखी कुठे केलंय त्यांनी?" देगुचीने विचारलं.

मंदिरात अमिदा बुद्धांपुढचा दिवा त्याच वर्षी जोडलेला. गाव अजून त्याला 'शिगेझोचा दिवा' म्हणतं.

"नाही," फुसाए म्हणाली. "एवढंच."

त्याच आठवड्यात मंदिरात उत्सव होता. गुरुजींचं सुरातलं प्रवचन म्हणजे आम्हा बायकांचा जीव. बुडत्याला हात देणाऱ्या नावाड्याची कथा रंगली होती. गुरुजींचा सूर वर चढला की सगळी सभा अमिदांचं नाम पुटपुटते, "नमानदा, नमानदा." माझ्या शेजारी फुसाएने तोंड उघडलं, पण नाम बाहेर येईना. तिची नजर दिव्यावर होती. दिव्याखाली दाटीवाटीने माणसं बसली होती.

ती उठली. चालू प्रवचनात गुरुजींच्या समोरून गेली आणि बटण बंद केलं. आमच्याकडे असं कुणी करत नाही.

"माफ करा," ती जमिनीला कपाळ टेकवून म्हणाली. "हा दिवा लावू नका. आमच्या ह्यांनी आत लोखंड घातलंय. घरातलं करपलं. तपासणीवाल्याने मला विचारलं होतं, मी खोटं सांगितलं."

मागून गेनकिची बोलला. शिगेझोचा कारखान्यातला जोडीदार. डावखुरा, जिभेचा तिखट.

"वर लाख, आत लोखंड. असलं काम करणाऱ्याला आपल्या गावात काय म्हणतात, ते पोराटोरांनाही ठाऊक आहे."

फुसाएने जमिनीला टेकवलेलं कपाळ उचललंच नाही. गुरुजींनी मेणबत्ती लावली आणि सूर सोडला होता तिथूनच धरला.

सकाळी देगुचीने मंदिराचं छत उघडलं. शिडी धरायला गेनकिची आला होता. देगुचीने वरून एक जोड खाली दिला. लाखेला तडे, आत काजळी. फुसाएने तो हातात फिरवला आणि थबकली. शिगेझो कापड उजवीकडे गुंडाळायचा, जन्मभर तिने पाहिलेलं. हे डावीकडे गुंडाळलेलं होतं.

तिने गेनकिचीकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

तिने मूठ मिटली. "आमच्या ह्यांचंच आहे," देगुचीला म्हणाली. "टाकून देते."

शिडी हलायला लागली. वरून देगुची ओरडला, "अहो, नीट धरा की."

"वहिनी, द्या तो इकडे," गेनकिची म्हणाला.

"राहू द्या भावोजी."

"द्या." त्याने डावा हात पुढे केला. "तार मी आणली होती. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, वरून लाख मारली की कोण बघतंय? मग तो गप्प बसला. देवापुढे घातली ती आपल्या घरी का नको, असं म्हणून उरलेली घरी घेऊन गेला."

दुपारी पंगत बसली. गेनकिची दारातच उभा राहिला, चपला काढेना. फुसाएने आपली बैठक सरकवून जागा केली. तो बसला, पण वाडगा उचलताना त्याने डावा हात बाहीत लपवला. पुढे मरेपर्यंत चारचौघांत तो उजव्याच हाताने जेवला. सांडायचं सगळं.

शिगेझोच्या नावाने मंदिरात आजही नाम घेतात. गेनकिचीच्या मागे नाम घ्यायला कुणी नाही. तेव्हा कधी चकचकीत वाडगा हातात आला, तर त्याची तेवढी आठवण काढा.