उलट विचारलं म्हणून

मित्रांनो, माझ्या पाठीचा पुठ्ठा निखळला आहे आणि आवाजाचं बटण काडी खोचून फिरवावं लागतं. तरीही मी रेडिओच आहे, फक्त जुना झालो आहे.

नगरच्या बाजारातून मी कोल्हारला आलो तो पुष्पावतीबाईंच्या मांडीवर, एसटीचे धक्के चुकवत. त्यांनी माझ्यासाठी रुमाल विणला. लढाईच्या दिवसांत बातम्यांसाठी सगळी आळी ओट्यावर जमायची. त्यांच्या सासूबाई, भागूबाई, ऐटीत म्हणायच्या, "आमचा रेडू लई खणखणीत बोलतो."

पण माझी खरी सोबतीण बनू, पुष्पावतीबाईंची सहा वर्षांची लेक. दुपारी शाळेसाठीचा इंग्रजीचा पाठ लागला की ती माझ्या जाळीला कान लावून बसायची. एका पाठात दोन माणसं भेटली. एक म्हणाला, "हाऊ डू यू डू?" दुसऱ्याने उत्तर दिलंच नाही, तोही म्हणाला, "हाऊ डू यू डू?" बनू खुदखुदून हसली आणि दिवसभर तेच घोकत राहिली.

बाई बी.ए. झालेल्या. लेकीने नगरच्या इंग्रजी शाळेत जावं, हाच त्यांचा ध्यास. तिथे राहायचं तर भागूबाईंच्या भावाच्या घरी. म्हणून तेच भाऊ, गहिनीनाथमामा, बनूला भेटायला आले.

"हाऊ डू यू डू, बनूताई?" मामांनी विचारलं.

"हाऊ डू यू डू?" बनू खुशीत म्हणाली.

"काय म्हनली रं?" भागूबाईंनी विचारलं.

"मी विचारलं तेच मला विचारतेय, आक्का."

"आता गं बया. मोठ्या मानसाला उलट इचारती व्हय? पुष्पे, तुमच्या कालेजात हेच शिकवत्यात का?"

मामा हसले. बाईंना मात्र ते हसणं झोंबलं. त्यांचा हात उठला आणि बनूच्या गालावर पडला. "नीट उत्तर दे मामांना."

बनूने माझ्याकडे बोट दाखवलं. मी बंद होतो. शिकवलं मी, मार तिने खाल्ला. पण चालू असतो तरी काय बोललो असतो? मला माझा आवाजच नाही.

त्यानंतर बनू दुपारी परसात जाऊन बसू लागली. माझा पाठ रिकाम्या सोप्यात वाजायचा.

एके दिवशी बाई माझ्याजवळ बसून ज्वारी निवडत होत्या. तोच पाठ पुन्हा लागला. शेवटी मास्तरांनी मराठीतून सांगितलं, "या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. तोच प्रश्न परत म्हणायची रीत आहे."

बाईंचे हात सुपातच थांबले.

"आत्याबाई, बनूचं बरोबर होतं," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"मी आपली हसन्यावारी बोलले हुते गं," भागूबाई पुटपुटल्या. "मामाला कळव मग."

"मामांना कळवीन. बनूला काय सांगू?"

त्या उठून परसात गेल्या. बनू खडे खेळत होती. खिडकीतून मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

"हाऊ डू यू डू, बनू?"

बनूने आधी आईच्या हाताकडे पाहिलं. बाईंनी दोन्ही हात पदराखाली नेले. तेव्हा कुठे ती हळूच, अगदी नीट म्हणाली, "मी बरी आहे."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. घरातलं एखादं लेकरू काही वेगळं बोललं, तर हात उचलण्याआधी ते कुठे बोट दाखवतंय तेवढं बघा.

बाई अजूनही दुपारी मला लावतात. बटणात काडी खोचून आवाज मोठा करतात, परसापर्यंत जाईल इतका.