घोट्याजवळची सुई

थोरलीने मापाचं भांडं खिडकीच्या उजेडात डोळ्यांच्या पातळीला धरलं, रेघ नीट पाहिली आणि न्हाणीघराच्या दाराला टांगलेल्या वहीत लिहिलं : दहा वाजून वीस मिनिटं, नव्वद मिलिलिटर. पुढच्या रकान्यात 'घाई किती?' असा प्रश्न होता. शून्य ते चार. तिने आधी तीन लिहिलं, जरा विचार केला, तीन खोडून चार केले आणि खाडाखोडीशेजारी बारीकशी सही केली. छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासलेल्या बाईला बिनसहीची दुरुस्ती बघवत नाही.

वरच्या मजल्यावर धाकटी गात होती. दीड तास झाला, तिचं गाणं काही थांबत नव्हतं. वरच्या न्हाणीघराचा पाइप खालच्या भिंतीतून उतरत होता, त्यामुळे वर कोण किती वेळा गेलं हे थोरलीला न विचारता कळे. पूर्वी तिकडे कधी लक्षही जात नसे. गेल्या पाच आठवड्यांपासून मात्र ती नकळत मोजू लागली होती. आज सकाळपासून तिची स्वतःची पाचवी खेप, आणि वरची दुसरी.

दोघी जावा, दोघींचं दुखणं एकच. पण हे एकमेकींना कळायला किती वर्षं जावी लागली! एकदा दोघी बसने कुठे निघाल्या होत्या. अर्ध्या वाटेत दोघी एकदमच उठल्या, दोघींनाही एकदमच काहीतरी काम आठवलं, आणि दहा मिनिटांनी एका उपाहारगृहाच्या मागच्या दारात त्या समोरासमोर आल्या. मग इतक्या हसल्या, की धाकटी म्हणाली, "ताई, हसवू नका, पुन्हा आत जावं लागेल." त्या दिवसापासून दोघी जिवाभावाच्या झाल्या होत्या. कोणत्या दुकानात आत जाऊ देतात, कुठल्या रस्त्याला सोय नाही, प्रवासाच्या आधी किती तास पाणी प्यायचं नाही, हे सगळं आता जोडीने ठरू लागलं.

या दुखण्यावरच्या नव्या उपचाराच्या चाचणीची जाहिरात शोधली थोरलीने. म्हणजे शोधली काय, त्या पत्रकाचं प्रूफच तिच्या टेबलावर आलं होतं. घोट्याच्या आतल्या बाजूला एक बारीक सुई, तिच्यातून अगदी हलका वीजप्रवाह, दर बुधवारी अर्धा तास, असे बारा बुधवार. घोट्याजवळून जाणारी नस कण्याच्या खालच्या भागात पोचते आणि मूत्राशयाच्या नसाही तिथेच येऊन मिळतात. इथे हलकेच टकटक केली तर तिथला गोंधळ शांत होतो का, एवढंच बघायचं होतं. निम्म्यांना खरी सुई, निम्म्यांना खोटी. पायावर कापड घालत आणि तळव्याला वेगळीच एक पट्टी लावत, त्यामुळे मुंग्या सगळ्यांनाच येत. खरं-खोटं फक्त सुई लावणाऱ्या सिस्टरला ठाऊक, आणि तिला हवापाण्याच्या पलीकडे बोलायची बंदी होती.

"कोणाला काय मिळतंय, हे मलाही माहीत नाही," संशोधक बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाई तरुण होत्या. नसांबद्दल बोलताना शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलावं तशा बोलत. "मूत्राशय भरलं की नाही, ते खालून कळवलं जातं. पण घाबरायचं किती, हे वर डोक्यात ठरतं. आम्हाला दोन्ही समजून घ्यायचंय."

पाचव्या आठवड्यात धाकटी बारा खेपांवरून सातवर आली. थोरलीची वही मात्र तेरा, तेरा, बारा, तेरा अशीच चालली होती.

"मला खरी मिळाली असणार," धाकटी दवाखान्यातून परतताना म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

"आपसांत बोलायचं नाही, असं लिहिलंय पत्रकात."

"अहो, पण आपण घरच्याच ना!"

थोरली खिडकीबाहेर बघत राहिली.

त्याच सुमारास माहितीपत्रकाची गोष्ट झाली. रुग्णांना देतात ते चार पानांचं पत्रक तिने घरी आणून तपासलं. एकतीस चुका. लाल शाईने सगळ्या दाखवल्या, दोन वाक्यं तर नव्याने लिहून दिली, आणि पाकीट संशोधक बाईंच्या हातात ठेवलं. बाईंनी मनापासून आभार मानले. पुढच्या बुधवारी बाई बाहेरच्या बाकाशी आल्या, तेव्हा थोरलीने पर्स सावरली आणि ताठ बसली.

"आम्ही पुढची चाचणी आखतोय," बाई म्हणाल्या. "नुसते आम्हीच नाही ठरवणार. ज्यांनी हे सोसलंय तेही बैठकीला हवेत, अगदी पहिल्यापासून. तुम्ही याल का?"

त्या धाकटीकडे बघत होत्या.

"मी?" धाकटी हसायला लागली. "अहो, ताईंना न्या की! त्यांचं शुद्धलेखन किती छान आहे."

बाईही हसल्या. थोरलीही हसली. हसताना जबडा दुखतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

बैठकीहून धाकटी आली ती थेट खालीच, चपलासुद्धा न काढता. "ताई, काय झालं ऐका तर! ते सगळे डॉक्टर आकड्यांवर वाद घालत होते, किती वेळा आणि किती मिलिलिटर. मी म्हटलं, ते विचारा, पण आम्हाला हेही विचारा, की फिक्या रंगाचे कपडे घालून बाहेर पडलात का? तर सगळे एकदम गप्प! आणि बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. आता प्रश्नावलीत घालणार आहेत."

थोरलीने गॅस बारीक केला. सहा वर्षांत फिका रंग माझ्या अंगाला लागलेला नाही, हे वाक्य तिचं होतं. याच ओट्याशी उभी राहून ती धाकटीला म्हणाली होती, आणि तेव्हा तिचा आवाज जरा फुटलाही होता. धाकटीला ते आठवतही नव्हतं. कधीतरी ऐकलेलं आपलंच होऊन गेलं होतं. तिने ते मुद्दाम उचललं असतं, तर थोरलीला निदान भांडता तरी आलं असतं.

"छान," ती म्हणाली. "चहा घेणार?"

दिराने जेवताना कौतुक केलं, नवऱ्याने त्यावर आणखी दोन शब्द चढवले. "आपल्या घरातली बाई डॉक्टरांना शिकवते म्हणजे बघ!" थोरलीने त्याच्या पानात न मागता वाढलं आणि उठून गेली. तिला खरोखरच जावं लागलं होतं. पण आपण रुसून उठलो असं सगळ्यांना वाटलं असेल, हा विचार तिला आत बसल्या बसल्या छळत राहिला.

नवव्या बुधवारी सुई काढून झाल्यावर ती मुद्दाम मागे रेंगाळली.

"एक सांगायचं होतं," ती संशोधक बाईंना म्हणाली. आपला आवाज फार सरळ येतोय, असं तिला वाटलं. "चाचणीच्या भल्यासाठीच. आमच्या धाकटीची वही... ती रोजच्या रोज नाही भरत. मंगळवारी संध्याकाळी बसून आठवड्याचं एकदम लिहिते. आठवून."

हे खोटं नव्हतं. धाकटी निळ्या, हिरव्या, जे हाताला येईल त्या पेनाने लिहायची आणि मापाच्या भांड्यात तिने एकदा रोपटं लावलं होतं.

"आम्ही बघतो," एवढंच बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात धाकटीला घरी एक यंत्र मिळालं. आपोआप वजन आणि वेळ नोंदवणारं, तीन दिवसांसाठी. तीन दिवसांनी आकडा आला सहा. तिने वहीत सात लिहिले होते.

"कोणीतरी माझी चहाडी केली वाटतं," धाकटी खालच्या ओट्याला टेकून सांगत होती. "असेल त्या बाकावरच्या लोकांपैकी कोणी. लोकांच्या पोटात दुखतं हो. पण बरंच झालं की नाही? आता तर पक्कं झालं."

थोरलीने नळ सोडला. धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

बारा बुधवार संपले. त्यानंतर तीन महिने नुसत्या वह्या. थोरलीची अकरा-बारावर थांबली. धाकटी सहा-सातवर टिकून राहिली. ती सिनेमे बघू लागली, बहिणीकडे राहायला गेली, एकदा तर तीन तासांचा प्रवास खिडकीशी बसून करून आली. थोरलीकडे बस बदलायच्या जागांची यादी पडून होती, पण तिच्यासोबत ती पाळायला आता कोणी नव्हतं. कधीकधी तिला त्या उपाहारगृहाच्या मागच्या दाराची आठवण येई. धाकटी बरी झाली याचं इतकं वाईट वाटत नव्हतं, जितकं ती एकटीच बरी झाली याचं वाटत होतं. पण असं कोणाला सांगणार?

मग एका सकाळी टपालाने दोन सारखी पाकिटं आली. एक वर, एक खाली. चाचणीचा हिशेब पुरा झाला होता. कोणाला खरी आणि कोणाला खोटी, ते आता बाईंनाही कळलं होतं, आणि ज्याला त्याला आपापलं कळवलं जात होतं.

थोरलीने पाकीट प्रुफांच्या टेबलाशी बसून कापलं. एकच पान होतं. तिने ते दोनदा वाचलं, सवयीने एक चुकलेली वेलांटीही पाहिली. तिला खरी सुई मिळाली होती. बाराच्या बाराही बुधवार.

ती पान हातात घेऊन बसून राहिली. वरून गाण्याचा आवाज येत नव्हता. पाइपातून पाणी उतरलं. थोड्या वेळाने पुन्हा उतरलं. मग आणखी एकदा. तासाभरात तीनदा.

पाऊल जिन्यावर वाजलं, तेव्हा थोरलीने पत्र प्रुफांच्या गठ्ठ्याखाली सारलं.

धाकटी दारात उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते. हातातलं पत्र तिने पुढे केलं, आणि थोरलीने ते घेण्याआधीच मागे ओढलं.

"खोटी होती," ती म्हणाली. "माझी खोटी सुई होती, ताई. काहीच नव्हतं त्यात. नुसती टोचलेली."

थोरलीच्या छातीत काहीतरी हलकं झालं. स्वच्छ, गार, सुखाचं असं काहीतरी. ते ओळखू येताच तिने मान खाली घातली.

"म्हणजे मी नाटकी ना?" धाकटी खुर्चीत बसली. "मला काही झालंच नव्हतं. उगाच सगळ्यांचा वेळ खाल्ला. आणि उद्या बैठक आहे. बाहेरचे लोक येणार आहेत, नवे रुग्ण. त्यांच्यापुढे मला बोलायचंय. कुठल्या तोंडाने बोलू? बाईंना फोन करून नाहीच म्हणते." ती थांबली. "आणि सकाळपासून पाचदा जाऊन आले. पाचदा! सगळं परत आलं, ताई."

ती उठू पाहत होती, पुन्हा बसत होती. तिच्या चेहऱ्यावरचा तो ताण थोरलीला पाठ होता. सहा वर्षं तिने तो आरशात पाहिला होता.

"तुमचं काय आलं?" धाकटीने विचारलं.

थोरलीने गठ्ठ्यावरचा वजनाचा दगड उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"खोटीच," ती म्हणाली.

धाकटी बघत राहिली. "दोघींनाही?"

"दोघींनाही."

"मग तुम्हाला फरक का नाही पडला?"

"मला कसं माहीत असणार?" थोरलीचा आवाज चढला, तिने तो खाली आणला. "मलाही तेच मिळालं, जे तुला. मी बारावर राहिले, तू सहावर आलीस. वहीत नाही, यंत्रात आलं ते. मग नाटकी कशी तू? सुई नव्हती तर नव्हती. कोणी केलं मग ते?"

धाकटीने पत्राची घडी उलगडली, पुन्हा घातली. बऱ्याच वेळाने तिचे खांदे खाली आले.

"तुम्हाला किती वाईट वाटत असेल," ती म्हणाली, आणि उठून तिने थोरलीच्या पाठीवर हात ठेवला. "बारा आठवडे फुकट टोचून घेतलं बिचाऱ्या ताईंनी. पुढच्या चाचणीत तुम्हाला खरी द्यायला सांगते मी बाईंना."

पाठीवरचा हात थोरलीने सोसला. "असं सांगता येत नाही," ती म्हणाली. "तू उद्याचं बघ."

दुसऱ्या दिवशी सभागृहात ती शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसली. पंचवीस-तीस माणसं होती. बहुतेकांनी तिच्यासारख्याच कडेच्या खुर्च्या धरल्या होत्या. संशोधक बाई पुढे टेबलाशी कागद घेऊन बसल्या होत्या. धाकटी उभी राहिली. सुरुवातीला अडखळली, मग तिला सूर सापडला. लोक एकदा हसले, दोनदा हसले.

"मला खोटी सुई मिळाली होती," ती म्हणाली. "काल सकाळपर्यंत मला ते माहीत नव्हतं. कळलं तेव्हा फार लाज वाटली. पण आमच्या घरात आणखी एकीला खोटीच मिळाली होती, आणि तिला काहीच फरक पडला नाही. तेव्हा मी म्हटलं, माझं जे झालं ते झालंच आहे."

संशोधक बाईंनी मान वर केली. त्यांची नजर खुर्च्यांवरून मागे मागे येत शेवटच्या रांगेपाशी थांबली. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली, एकदाच, अगदी थोडी.

बाईंनी समोरचा कागद उलटा करून ठेवला.

"पुढे सांगा," त्या धाकटीला म्हणाल्या.

धाकटी पुढे सांगू लागली. थोरलीच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर टोपी ठेवून ऐकत होते. टाळ्या पडल्या तेव्हा ते तिच्याकडे झुकले.

"छान बोलतात हो. तुमच्या कोण?"

"माझी धाकटी जाऊ."

"अस्सं. आणि तुम्हीही होता का चाचणीत?"

"नाही," थोरली म्हणाली. "मी तिच्या सोबतीला आले आहे."