पऱ्हाटी कामावर आहे

मी बुरशी बोलतेय. नाक दाबू नका, मी तुमच्या पावावरची नाही; धिंगरी अळंबीच्या घराण्यातली. माझे धागे सरळ ओढले तर चोपड्याहून भुसावळला जाऊन, चहा पिऊन परत येतील. खोटं वाटत असेल तर मोजून पाहा!

प्रयोगशाळेत, गव्हाच्या दाण्यांवर मी वाढले. तिथून सपनानं मला तिच्या वडिलांच्या, म्हणजे आधारनानांच्या, ट्रक गॅरेजमागे आणलं. नानांनी वर्षानुवर्षं जळकं ऑईल तिथंच ओतलेलं. माती काळी, चिकट. गवतसुद्धा तिकडे फिरकत नव्हतं. आता शेजारच्या आक्काबाईंच्या विहिरीलाही वास येऊ लागला होता.

“वरथून सिमेंट ओती देऊ. विषय खतम!” नाना म्हणाले.

“वरून झाकाल, नाना; खालून विहिरीत जाईलच की. उन्हाळ्यापर्यंत थांबा.”

नाना थांबले. सिमेंटच्या गोण्या मात्र भिंतीशी आणून ठेवल्या.

सपनानं कपाशीची पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतरच्या वाळक्या काड्या, तोडून, भिजवून मातीत कालवली, वर लांब काड्यांचं पांघरूण घातलं आणि मला आत सोडलं. पऱ्हाटी माझं जेवण. ती फोडायला मी जो रस सोडते, त्यानं तेलही फुटतं. पण त्या गोण्या बघून मला चैन कुठली? नुसती धावत सुटले.

थंडीत नानांकडे भरताची पार्टी ठरली. भरताचं वांगं भाजावं ते पऱ्हाटीच्या जाळावरच; खानदेशी माणसाला पऱ्हाटी दिसली की वांगंच आठवतं! नानांनी माझं पांघरूण ओढलं, खालची पऱ्हाटीही उपसली अन् काडी लावली. माझे धागे तडतडले.

पाहुणे म्हणून आलेल्या प्रेमराजभाऊंनी पहिला घास थुंकला. “नाना, हाई भरीत शे का डिझेल?”

सपना धावत आली. “नाना, नका जाळू! ती जित्ती शे!”

“पऱ्हाटी जित्ती? पोर येडी हुई गयी!”

तिनं कोपऱ्यातली मूठभर माती नानांच्या नाकाशी धरली, मग माझ्या ढिगाखालची; तिचा तेलाचा वास निम्म्यानं उतरला होता. नानांनी दोन्ही पुन्हा हुंगल्या. मग पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलून आगीवर ओतला.

निम्मी मी जळाले. उन्हाळा तोंडावर आलाय, विहिरीचा वास अजून गेलेला नाही, गोण्या तिथंच आहेत. मी दिसेल त्या ढेकळात शिरतेय.

काल प्रेमराजभाऊ पुन्हा वांगी घेऊन आले, सवयीनं ढिगाकडे वळले. गोण्यांवर बसलेले नाना ओरडले, “हात नको लावू रे! ती पऱ्हाटी कामवर शे!”

तेव्हा मंडळी, इकडे भरताला जरूर या. काड्या तेवढ्या आपल्या घेऊन या.