कणीचा वाटा

मित्रांनो, हे सांगायचंच नाही असं मी ठरवलं होतं. जुन्या यंत्रानं आपल्या कौतुकाच्या चार गोष्टी सांगाव्या आणि गप्प गंजत पडावं, ते सोपं. पण ही एक गोष्ट पोटात धानाच्या कुसळासारखी टोचत राहते. म्हणून सांगते.

मी एक जुनी धानगिरणी आहे. वरून धान ओता, खालून तांदूळ घ्या. मूल नावाच्या शहराच्या पुढं जंगलाच्या काठी एक गाव आहे. तिथं मला बैलबंडीवर बांधून आणलं, तेव्हा रस्ता कसला, नुसती चाकोरी होती. आणणारा मुखरू. सातवी पास पोरगा. माजरीकडच्या कोळशाच्या खाणीत हजेरी घ्यायची नोकरी त्याला चालून आली होती. ती त्यानं सोडली आणि मला आणलं.

त्याची माय गुणाबाई मला बघून म्हणाली, "पगाराची नोकरी दारात आली, अन् तू लोखंडाले मिठी मारून बसला?"

"खानीत दुसऱ्याच्या भोंग्यावर उठा-बसा लागते, माय. मले कोनासमोर मान खाली घालाची नाई."

"मंग उद्यापासून ताटात लोखंडच वाढतो तुले!"

काय दिवस होते ते! इंजिन टुकटुकलं, पट्टा फिरला, की पोरं धावत यायची. बाया आठवडाभर कांडायच्या तेवढं धान मी जेवणाच्या आधी मोकळं करायची. लोक वाहवा करायचे. मी फुगायची.

पण हे धान आधी कोण कांडत होतं, ते मी कधी विचारलं नाही. गावातल्या गरीब बाया घरोघर धान कांडायच्या. मजुरी म्हणजे कणी, फुटका तांदूळ. अख्खा तांदूळ मालकाचा, कणी कांडणारीची. त्या कणीचीच पेज पिऊन मुखरू वाढला होता. गुणाबाई आणि तिची जोडीदारीण सुगंधाबाई एकाच उखळात कांडायच्या. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. मी आले आणि त्या उखळात पाणी साचून कोंबड्या चोची बुडवू लागल्या. गुणाबाईला मुलगा होता. सुगंधाबाईला कोणीच नव्हतं.

एक दिवस सुगंधाबाई सूप घेऊन आली. कोणी बोलावलं नव्हतं. माझ्याजवळ बसली, सोमाजी पाटलाचा तांदूळ पाखडू लागली आणि जन्माच्या सवयीनं कणी ओटीत भरू लागली. सोमाजी म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"ए बाई! भरदिवसा चोरी करून राह्यली?" तो इतक्या जोरात ओरडला की माझ्या धडधडीतही ऐकू आलं.

ती काहीतरी बोलली. ओठ हललेले दिसले. शब्द माझ्या आवाजात बुडाले. मुखरू शेजारीच उभा होता. इंजिन बंद करायला एक दांडी ओढायची, बस. त्यानं ओढली नाही. तो पट्ट्याकडे बघत राहिला. सुगंधाबाईनं ओटी झटकली, कणी मातीत सांडली आणि ती निघून गेली. सूपसुद्धा नेलं नाही.

दुसऱ्या सकाळी, मी सुरू व्हायच्या आतच, गुणाबाई दारात हजर.

"तू पोटात होता तवा माह्या वाट्याचं धान तिनं कांडलं, अन् कणी मले देल्ली. तिले चोर म्हनलं तवा तू काऊन गप होता?"

"सोमाजीभाऊचं धान गेलं तं गिरनी बसते, माय."

"मंग खानीत काय वाईट होतं रे? मान तं इथीही खालीच हाये."

मुखरूनं मला सुरू केलं. सोमाजी उरलेलं धान घेऊन आला होता, बंड्या दारात उभ्या होत्या. मुखरूनं दांडी ओढली. मी थांबले. तो गेला आणि सुगंधाबाईला घेऊन आला. ती आत येईना.

"मले तुही भीक नोको, मुखरू. कालही म्हनलं, कांडनारीचा वाटा हाये. कोनं ऐकलं?"

"मी ऐकलं होतं, मावशी. गप राह्यलो. चुकलो." मग तो सोमाजीकडे वळला. "भाऊ, इथी येईन त्या धानाची कणी पाखडनारीची."

सोमाजी हसला. "असा धंदा करशीन तं महिन्याभरात खानीचा रस्ता धरशीन!"

"धरीन. पन कणी तिचीच."

सोमाजीनं बंड्या मूलकडे वळवल्या. त्या साली मी कितीतरी दिवस नुसती उभी होते. पण बंद पडले नाही.

मित्रांनो, टाळ्या वाजवू नका. सुगंधाबाई पाखडायला बसली, आणखी दोघी-तिघी बसल्या. कांडणाऱ्या बाया मात्र पुष्कळ होत्या. बाकीच्यांचं काय झालं? मला ठाऊक नाही. कोणी मोहफुलं वेचायला गेल्या असतील, कोणी गाव सोडून. मी फिरत राहिले. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा हवं तर नोकरी नका करू. आपलं काहीतरी उभं करा, हिंमत करा. फक्त पट्टा चढवायच्या आधी, त्या कामावर कोणाची चूल पेटते ते विचारून या.

सुगंधाबाई आता म्हातारी झाली. माझ्याकडे पाठ करून बसते आणि रागावते, "हळू ओरड वं बाई, कान फुटले माहे." आम्ही मैत्रिणीच झालो म्हणा ना. तिला मी शब्द दिलाय, तिला ऐकू गेला की नाही कोण जाणे: बाई, तुम्ही बोलायला लागलात ना, की मी पट्टा पाडून देईन. मुखरू चिडू दे, गिऱ्हाईक चिडू दे. तुमचं बोलणं पुरं होईस्तोवर मी फिरणार नाही.