घोट्याच्या उंचीवरचे दोन डोळे

शनिवारी सकाळी आठ वाजता आमच्या गॅरेजचे दार खाली येता येता जमिनीपासून वीतभर वरच थांबले. त्याच्याखाली डेल्मर नॉर्गार्ड पडला होता. दाराला खाली येण्याचा हुकूम मी दिला होता.

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. काड्यापेटीहून थोडा मोठा, राखाडी रंगाचा, एकाच बटणाचा. गाडीत चालवणाऱ्याच्या कपाळावर ऊन अडवणारी जी पट्टी असते, तिला मी चिमट्याने लटकतो. आमचे गाव डुलूथ, मोठ्या सरोवराकाठच्या टेकडीवरचे. इथल्या थंडीत खाली उतरून हाताने दार उचलायचे म्हटले, तर बोटे तासभर कामातून जातात. म्हणून माझी गरज.

मला या घरात डेल्मरनेच आणले. बंदरात खनिजाचे सरकते पट्टे दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. तो शिडीवर चढला आणि छताला टांगलेल्या, दार ओढणाऱ्या मोटारीवरचे शिकवणीचे बटण त्याने दाबले. तिथे एक दिवा लागला. तो विझायच्या आत त्याने मला दाबले. दिवा लुकलुकला. तेव्हापासून ती मोटार माझी हाक ओळखते, दुसऱ्या कुणाची नाही.

"लागलं का लग्न?" शिडी धरून उभ्या असलेल्या व्हर्नाने, त्याच्या बायकोने, विचारले.

"लागलं. आपल्यापेक्षा लवकर जमलं यांचं."

पानगळ सरली की डेल्मर कामाला लागे. माझा सेल बदलायचा. दाराच्या चाकांना वंगण द्यायचे. मग उंबऱ्यावर लाकडाची फळी आडवी ठेवून तो दार बंद करायला लावी. फळीला टेकताच दाराने उलटे वर गेले पाहिजे, हा त्याचा नियम. "फळी वाचली तर पाय वाचेल," असे तो म्हणे, आणि दार वर गेल्याशिवाय जेवायला जात नसे.

त्याची सगळ्यात जास्त माया मात्र विजेच्या दोन डोळ्यांवर होती. दाराच्या दोन्ही चौकटींवर, माणसाच्या घोट्याच्या उंचीवर, ते बसवलेले होते. दिवसरात्र एकमेकांकडे बघत राहायचे, एवढेच त्यांचे काम. त्यांच्या नजरेच्या मध्ये काही आले की मी कितीही हाका मारल्या तरी दार खाली येत नसे. थंडीत मात्र सकाळचे ऊन सरोवरावरून तिरपे येई आणि एक डोळा दिपून जाई. मग वाटेत कुणी नसतानाही दार हटून बसे. डेल्मरने कॉफीच्या डब्याचा पत्रा कापून त्या डोळ्याला टोपी करून दिली. शेजारची आर्डिस ती टोपी मुद्दाम बघायला आली होती. "तुझ्या डोक्यावर नाही, पण त्याच्या डोक्यावर आहे," ती म्हणाली. टकल्या डेल्मरला ते फार आवडले.

गेल्या वसंतात डेल्मरची डावी बाजू लुळी पडली. तो चालू लागला, पण काठी घेऊन, पाय ओढत. गॅरेजमध्ये जायचे नाही, असे व्हर्नाने बजावले. त्या वर्षी पानगळ आली आणि गेली. माझा सेल कुणी बदलला नाही. फळी भिंतीला टेकलेलीच राहिली. बर्फ ओढणाऱ्या फावड्याचा धक्का लागून टोपी निखळली, ती कुणी परत लावली नाही. दार रोज सकाळी हटून बसू लागले.

तेव्हा ब्रॉडी आला, त्यांचा जावई. उमदा मुलगा, मदतीला सदा तयार. त्याने दोन्ही डोळे चौकटीवरून काढले, तोंडे समोरासमोर ठेवून चिकटपट्टीने गुंडाळले आणि छताजवळच्या फळीवर ठेवून दिले. आता त्यांच्यामध्ये ऊन येणार नव्हते. आणखीही काही येणार नव्हते. शिवाय उंबऱ्यावरच्या बर्फाला दार अडते म्हणून त्याने मोटारीचा जोरही वाढवून ठेवला.

"झालं काम," हात पुसत ब्रॉडी म्हणाला. "आता आयुष्यभर बघायला नको."

गॅरेजमध्ये उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दारात काठीवर रेललेल्या डेल्मरने वर पाहिले. "कुणाच्या आयुष्यभर?"

"गप रे डेल," व्हर्ना म्हणाली. "सुट्टी मोडून आलाय बिचारा. ब्रॉडी, छान झालं हो. कॉफी घेणार ना?"

या गावात मदतीला आलेल्या माणसाला, तुझे चुकले, असे तोंडावर सांगत नाहीत. त्याला कॉफी देतात. डेल्मरनेही मान हलवली. "बरं केलंस," तो म्हणाला. मग व्हर्नाला हळूच, "ईस्टरला आला की सांगू त्याला. आत्ता वाईट वाटेल."

शनिवारी चर्चमध्ये एका अंत्यविधीनंतरचे जेवण होते. त्यासाठी व्हर्नाने भाजलेल्या बटाट्यांचे मोठे भांडे भरून ठेवले होते. थंडीत गॅरेज हेच इथले शीतकपाट, म्हणून भांडे तिथल्या मांडणीवर होते. ते तिथेच विसरून ती गाडीत बसली. ते स्वयंपाकघराच्या दारातून डेल्मरला दिसले.

गाडी मागे निघाली. पुढची काच धुक्याने पांढरी होती. व्हर्ना मान वळवून मागचा रस्ता बघत होती, कारण दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग होते. काचेपलीकडे एक आकृती धड हाताने भांडे छातीशी धरून, काठीविना, उंबऱ्याकडे येत होती. मला ती दिसली. व्हर्नाचा हात सवयीने वर आला. त्याच क्षणी आकृतीचा पाय बर्फावर सटकला. व्हर्नाने मला दाबले.

मित्रांनो, दाबल्यावर गप्प राहणे मला येत नाही.

कोपऱ्यावर पोहोचताच व्हर्ना स्वतःशी म्हणाली, "दार लावलं ना मी?" हे ती रोजच म्हणते. बहुतेक दिवशी हसून पुढे जाते. त्या दिवशी वळली.

दाराखालून एक बूट बाहेर आला होता.

तिने मला दाबले. काहीच नाही. पुन्हा दाबले. सेल आधीच मरणाला टेकलेला, त्यात ही थंडी. तिने मला ओढून काढले आणि धावली. पुढच्या दाराने घरात शिरायची सोय नव्हती. थंडीत ते दार इथे कुणी वापरत नाही, पायऱ्या कमरेइतक्या बर्फात होत्या. तिने दार हाताने उचलून पाहिले. मोटारीने ते गच्च धरून ठेवले होते.

"डेल. डेल, बोल काहीतरी."

"भांडं फुटलं," आतून बारीक आवाज आला. "घाई करू नकोस."

व्हर्नाने हातमोजा दातांनी ओढून काढला, मला उघड्या मुठीत घेतले आणि तोंडाजवळ नेऊन वाफ देऊ लागली. मला माझ्या आत ऊब चढताना जाणवत होती. मी हाक देऊ शकेन, असे वाटू लागले, आणि त्याचीच भीती वाटली. थांबलेले दार त्या हाकेने वर जाईल की उरलेले अंतरही खाली येईल, हे मला माहीत नव्हते. मी फक्त हाक देतो. तिलाही माहीत नव्हते. तिचा अंगठा बटणावर आला, उचलला गेला, पुन्हा आला.

"दाब," डेल्मर म्हणाला. "वर जाईल. माझं ऐक."

तिने दाबले. दार कुरकुरले आणि वर गेले.

मित्रांनो, मी काही मोठी वस्तू नाही. पण जे यंत्र न बघता काम करते, त्याच्यासाठी कुणीतरी बघणारे लागते. दार हटून बसले तर त्याचे डोळे पुसा, काढू नका. वर्षातून एकदा फळी ठेवून पाहा. माझा सेल मरायच्या आत बदला. आणि चुकलेल्या माणसाला त्याच दिवशी सांगा, मग कॉफी द्या.

आत्ता मी इस्पितळाच्या वाहनतळावर, गाडीत आहे. व्हर्नाने मला पुन्हा पट्टीला अडकवले नाही, मांडीवर ठेवले आहे. बातमी ऐकून आलेला ब्रॉडी शेजारी बसला आहे.

"ते डोळे मी..." तो म्हणाला.

"आत्ता नको," व्हर्ना म्हणाली.

मग आर्डिसचा फोन आला. गॅरेजवाटे घर सताड उघडे आहे, अशाने पाण्याचे नळ गोठतील, भिंतीवरचे बटण दाबून दार लावू का, असे ती विचारत होती.

"नको," दोघेही एकदम म्हणाले.

डेल्मरची बरगडी फुप्फुसात घुसली आहे. दुपारी त्याला शस्त्रक्रियेसाठी आत नेले. अजून आतून निरोप आलेला नाही.